लिंपलेलं साणं

१

दिवाळी सरली की माळवदावर चढायचं, हे आमच्या घरातलं ठरलेलं काम होतं. विट्याच्या पूर्वेला, माणदेशाच्या अंगाला आमचं गाव. तिकडं कौलं कोणी घालत नाही. भिंतींवर तुळया टाकायच्या, तुळयांवर काटक्यांचा थर द्यायचा आणि त्यावर पांढरी माती चोपून बसवायची. हे झालं माळवद. त्यावर माणूस चालतो, धान्य वाळवतो, उन्हाळ्यात झोपतो. पावसाळा संपला की कुठं भेग पडली असेल ती बुजवायची, उगवलेलं गवत उपटायचं. आमच्याकडं पाऊसच थोडा, म्हणून कामही थोडं.

ही गोष्ट लढाईच्या शेवटच्या वर्षांतली आहे. मी तेव्हा वयानं तरणा होतो. माझं नाव धुळा. घरात माझी आई रंगुबाई, बायको बनाबाई आणि आमची रांगती मनू. मेंढरं घेऊन चुलतभाऊ घाटाकडं गेले होते. मनूच्या छातीत कफ होता म्हणून त्या साली मी मागं राहिलो.

घर म्हणजे पुढं सोपा आणि मागं माजघर. माजघरात माळवदाच्या खाली विरळ फळ्यांचा माळा होता. माळा आणि माळवद यांच्या मधे माणूस रांगत जाईल एवढीच जागा. दसऱ्याला मेंढरं कातरली की लोकरीचे गठ्ठे आम्ही तिथं सारायचो. घरात त्याच्याइतकी कोरडी जागा दुसरी नव्हती.

दिवाळीनंतर एक दिवस बनाबाईनं कातायला लोकर मागितली. मी शिडीवर चढून आत हात घातला आणि एक गठ्ठा ओढला. तो जड लागला. खाली टाकला, तर भुईवर ओलं धोतर आपटावं तसा आवाज झाला.

बनाबाईनं त्याला हात लावला. "आवं, भिजलीया की ही."

"मांजर मुतलं आसंल."

"मांजर मुतलं का म्हस मुतली?"

मी हसलो आणि गठ्ठा पिळला. पाणी निघालं. स्वच्छ पाणी. मांजराचा वास त्याला नव्हता. कुजलेल्या पाल्याचा होता. आमच्याकडं बाभळी आणि बोरी. त्यांचा पाला कुजत नाही, वाळतो आणि वाऱ्यावर जातो. तो वास कशाचा हे मला लगेच कळलं नाही.

मी माळवदावर जाऊन बघितलं. पांढरी माती उन्हानं तडकली होती. पाय टेकला की धूळ उडत होती.

२

माळवदाला एक भोक ठेवलेलं असतं. त्यातून उजेड येतो, चुलीचा धूर जातो. त्याला आम्ही साणं म्हणतो. पाऊस आला की त्याच्यावर एक चपटा दगड सरकवायचा आणि पाऊस गेला की बाजूला करायचा.

आमच्या साण्यावरचा दगड आईनं लिंपून टाकला होता.

त्याला कारण माझा भाऊ. बिराप्पा, माझ्यापेक्षा थोरला. मेंढरांमागं हिंडून कंटाळला आणि पलटणीत गेला. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई चालली होती, तिकडं त्याला नेलं. त्या साली पावसाळ्याच्या तोंडाला सरकारी कागद आला. शाळेतल्या मास्तरांनी तो वाचून दाखवला. बिराप्पा सापडत नाही, एवढंच त्यात होतं. मेला असं नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं.

आमच्यात एक रिवाज होता. आम्ही फिरती माणसं. कोण कुठल्या घाटात आडवा होईल सांगता येत नाही आणि त्याचा देह घरी येत नाही. मग घरातल्या जवळच्या माणसानं माळवदावर चढायचं, साण्यावरचा दगड काढायचा, आत तोंड करून त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, तुझी वाट मोकळी हाय, माघारी बघू नगंस. तो लांब मेला तरी त्याचा जीव आपल्या घरात येऊन बसतो, त्याला जायला वाट द्यायची, अशी समजूत. ते म्हटलं की माणूस मेला. म्हणेपर्यंत नाही.

कागद आला त्या दिवशी गावातली म्हातारी माणसं आईला म्हणाली, रंगुबाई, आता करून टाक.  आईनं शेण-माती कालवली, माळवदावर चढली, साण्यावर दगड ठेवला आणि चारी बाजूंनी लिंपला. वर पुन्हा पांढरी माती थापली. कोणाला उघडताच येऊ नये म्हणून.

असं आधी कोणी केलं नव्हतं. वाट मोकळी करायचा रिवाज होता. वाट बुजवायचा नव्हता.

 धूर दारातून जाऊ लागला. डोळे चुरचुरायचे. तेवढं आम्ही सोसलं.

३

ओल पुढं सरकत गेली. आधी साण्याच्या खालचे गठ्ठे, मग सगळा माळा. मग माळ्याच्या फळ्यांमधून थेंब पडू लागले. भिंतीवर काळी बुरशी आली. भाकरीला दुसऱ्या दिवशी बुरा यायचा. मनूच्या दुपट्याला कुबट वास सुटला आणि तिची छाती घरघरू लागली.

शेजारचे आप्पासो माळवदं घालण्यात वाकबगार. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, तोंडानं फटकळ. मी त्यांना बोलावलं. ते माळवदावर चढले, टाचेनं ठोकत हिंडले, एका जागी खुरप्यानं उकरलं.

"धुळा, हितं ये. हात घाल."

मी हात घातला. वरचा थर राखेसारखा कोरडा होता. त्याच्या खाली चिखल.

"वरनं पानी न्हाई आलेलं. खालनं आलंय," आप्पासो म्हणाले. "तुज्या घरात आड फुटला का काय? आमाला तरी सांगायचं, बाया कोसभर जात्यात पान्याला."

"आप्पासो, चेष्टा नगा करू. पोरगी आजारी हाय."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "लोकर वलीच ठिवली आसशील. तिचं पानी वर जातंय, माळवदाला चिकटतंय. वारा न्हाई. साणं बंद क्येलंसा तुमी. घराची छाती कोंडलीया, दुसरं काय न्हाई. साणं उघड. मागल्या भितीला वरच्या अंगाला एक भोक पाड. हिकडनं वारा शिरंल, तिकडनं जाईल. आठवड्यात समदं खडखडीत."

मला ते पटलं. लोकर ओली ठेवली नव्हती हे मला माहीत होतं. तरी पटलं. माणसाला काहीतरी पटवून घ्यावंच लागतं.

आई खाली अंगणात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"साण्याला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"रंगुबाई, नात खोकतीया तुजी," आप्पासो वरून म्हणाले.

"थंडीनं खोकतीया. शेक देते मी."

४

मनूला आम्ही सोप्यात निजवून बघितलं. तुळया दोन्हीकडून एकच. ओल तुळईवरून चालत सोप्यात आली. अंगणात निजवलं तर पौषातल्या गारठ्यानं तिचे ओठ काळे झाले. पोट उडायला लागलं. बाया म्हणाल्या, डबा झालाय पोरीला, छाती भरलीया. मग मी आणि बनाबाई तिला घेऊन बैलगाडीनं तासगावला आणि तिथून मोटारीनं सांगलीला गेलो.

सांगलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती ऐकली. विचारलं, "घरात ओल आहे का?"

मी म्हटलं, "आमच्याकडं प्यायाला पानी न्हाई सायेब. वल कुठली?"

ते हसले नाहीत. "ओल आहे. तिला कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवा. नाहीतर पुढच्या खेपेला आणायची गरज पडणार नाही."

आम्ही कृष्णेकाठी धर्मशाळेत उतरलो होतो. खाली नदी, सकाळी पाण्यावरून धुकं यायचं, घाटाच्या पायऱ्या ओल्या असायच्या. आणि तिथं मनूची छाती मोकळी झाली. दूध प्याली, खेळली. नदीच्या काठावर पोरगी कोरडी राहिली. पण सांगलीत राहायला आमचं कोण होतं? घरी आई एकटी. आम्ही परत आलो आणि उंबरा ओलांडला तशी ती पुन्हा घरघरू लागली.

आम्ही नव्हतो तेव्हा आईनं माजघरात परात मांडून ठेवली होती. थेंब तीत पडत होते. परात भरत आली होती.

मी लोकर काढून टाकायचं ठरवलं. लोकर नाही तर ओल नाही. शिडीवरून एकेक गठ्ठा ओढून खाली टाकत होतो. एका गठ्ठ्यावर काहीतरी हललं. काळं, चिंधीसारखं. ते लांब झालं, आखूड झालं, आणि माझ्या मनगटाला लागलं. मी ओढलं तर सुटेना. सुटलं तेव्हा रक्ताची धार लागली.

मी ते काठीवर घेऊन आप्पासोंकडं गेलो. त्यांनी बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं.

"ही जळू हाय. जवान हुतो तवा मेंढरं घिऊन कोयनंच्या रानात गेलतो, तितं बघितली. ढोपरभर पाला, म्हैना म्हैना पाऊस, तितं आसती ही. हितं कवाच न्हाई." त्यांनी जळू दगडानं ठेचली. "लोकरीबरं आली आसंल."

"आमची मेंढरं औंदा घाटात गेलीच न्हाईत कातरायच्या आदी."

"मग कशाबरं तरी आली आसंल," आप्पासो म्हणाले आणि पायानं माती लोटून ते झाकलं.

गठ्ठे अजून बाकी होते. मला पुन्हा शिडी चढवेना. खाली काढलेली लोकर उन्हात वाळली. वर राहिलेली तशीच राहिली.

५

साण्याला हात लावायचा नाही म्हणून आम्ही आधी भिंतीला भोक पाडलं. आप्पासो आणि मी. घराच्या मागच्या बाजूला, माळ्याच्या उंचीवर, शिडी लावून. भर दुपार होती. दगड काढला तशी आतून गरम वाफ आली. पौष महिन्यात.

"आता बगू वारा खेळतोय का," आप्पासो म्हणाले. त्यांनी शेणाची एक वाळली शेणी पेटवली, विझवली आणि तिचा धूर भोकापाशी धरला. धूर सरळ आत ओढला गेला.

"बग! ओढतंय!" ते खूश झाले. "पोटात वारा गेला घराच्या."

आम्ही बघत राहिलो. धूर आत जात राहिला. मग थांबला. शेणीवर सरळ उभा राहिला. आणि मग भोकातून तोच धूर बाहेर आला. पण आता तो जड होता, पांढरा होता, आणि त्याला त्या पाल्याचा वास होता.

"वारा फिरला," आप्पासो म्हणाले.

मी समोरच्या बाभळीकडं बघितलं. तिचं एक पान हलत नव्हतं.

धूर थांबला. पुन्हा आत गेला. सावकाश. झोपलेल्या माणसापेक्षाही सावकाश. मग पुन्हा बाहेर.  आप्पासोंनी शेणी खाली टाकली आणि पायानं विझवली.

घरातून बनाबाईची हाक आली. मी धावत आत गेलो. ती मनूला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला खूण केली, बोलू नका, बघा. मनूचं पोट आत गेलं, बरगड्या दिसल्या, आणि तसंच राहिलं. बाहेर धूर जेवढा वेळ थांबत होता तेवढाच वेळ तसं राहिलं. मग वर माळ्यावर काहीतरी सुस्कारलं आणि पोरीचं पोट फुगलं.

"भोक पाडल्यापासनं आसंच चाललंय," बनाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. भीतीनं सुकलं होतं. "त्ये वर थांबलं की ही थांबतीया. आवं, एका बारीला जर थांबूनच ऱ्हायलं तर?"

 मी जाऊन भोकात दगड परत बसवला. त्यानं काही फरक पडला नाही. म्हणून पुन्हा काढला.

६

आई माजघरात माळ्याखाली बसली होती. परातीजवळ. मी तिच्यापाशी जाऊन बसलो. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, तिलाही नव्हती.

"आय," मी म्हटलं, "तुला म्हाईत हाय का वर काय हाय ते?"



"पावसात हाय माजा ल्योक," ती म्हणाली. "लय दिस झालं त्याला ऊन न्हाई मिळालं. अंगावरची कापडं कुजत्यात त्याची. हितं येतोय. घर कोरडं हाय म्हनून येतोय. तू म्हनतोस उघड. उगडून काय म्हनू त्याला? जा म्हनू?"

"आय, त्ये बिरादादा हाय कशावरनं? कायबी आसंल."

"आसंल. पर त्यो आसला तर?"

 मनूबद्दल तिला काही सांगायची गरज नव्हती. पोरीचा श्वास त्या खोलीत ऐकू येत होता. तो थांबला की आम्ही दोघंही थांबत होतो.

तो पुन्हा थांबला. या खेपेला फार वेळ. बनाबाई किंचाळली आणि पोरीच्या पाठीवर थापट्या मारू लागली. कशीबशी एक उचकी आली आणि मनूनं श्वास घेतला.

आई उठली. कोपऱ्यातली पहार तिनं उचलली आणि माझ्या हातात दिली.

"उगड," ती म्हणाली. "पर मी म्हननार न्हाई. तू म्हन."

७

आप्पासो माझ्याबरोबर माळवदावर आले. ऊन डोक्यावर होतं. सगळा माळ पिवळा, कोरडा दिसत होता, लांबवर कुणाची तरी शेरडं चरत होती. असलं काही घडायची ती वेळच नव्हती.

माती खरवडली, पहार घातली, दगड हलवला. तो सुटला तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला हिरवं गच्च शेवाळ होतं. वाफ वर आली. आप्पासोंनी दगड बाजूला लोटला, मग ते दोन पावलं मागं सरले आणि पाठ करून बसले.

"तू बग गड्या," ते म्हणाले. "मी न्हाई बगत."

मी गुडघ्यांवर बसलो आणि साण्यात वाकलो.

तिथं रांगण्याएवढी जागा होती, हे मी सांगितलं आहे. हात घातला तर फळी लागायला हवी होती. फळी नव्हती. लोकर नव्हती. खोल होतं. आडात बघावं तसं खोल, आणि त्या खोलात पाऊस पडत होता. माझ्यापासून लांब, खाली खाली पडत होता. सुपाएवढी पानं हलत होती. पाण्याचा आवाज असा, की मला माझाच श्वास ऐकू येईना.

अगदी तळाला एक माणूस उभा होता.

मांड्यांपर्यंत पाण्यात होता. कापडं काळी होऊन अंगाला चिकटली होती. त्यानं एक हात कपाळावर आडवा धरला होता. अंधारात अचानक उजेड पडावा आणि माणसानं वर बघावं तसा तो वर बघत होता. दुसरा हात खाली होता, पाण्यात, काहीतरी घट्ट धरल्यासारखा. तोंड पांढरं पडलं होतं. तो बिरादादा होता का? उभं राहायची ढब त्याची होती. पण एवढ्या पावसात भिजलेलं कोणाचंही तोंड तसंच दिसलं असतं. मी मनाला म्हटलं, ऊन लागलंय तुला. पोरीच्या काळजीनं झोप नाही. मी डोळे मिटले, उघडले. तो तिथंच होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"दिसतोय का रं?"

हा आईचा आवाज होता. ती खाली माजघरात होती. आवाज त्या माणसाच्याही खालून आला.

मी दोन्ही हातांनी साण्याचा काठ धरला.

"धुळा, दिसतोय का?"

दिसतोय म्हटलं असतं तर तिनं मला दगड पुन्हा ठेवायला लावला असता. कोणत्या आईनं लावला नसता?

"न्हाई आय," मी म्हटलं. "कुनी न्हाई. लोकर हाय नुसती."

"नीट बगितलंस?"

"बगितलं."

तेवढ्यात बनाबाई ओरडली, "आवं! निळी पडली ओ पोरगी! आत घेईना झाली!"

पाऊस, आणि बाकी काही नाही. मग आईचा आवाज आला. हळू, पण मला ऐकू आला.

"म्हन मग."

मी म्हटलं. त्या वर आलेल्या तोंडाकडं बघत म्हटलं.

"बिरादादा, तुजी वाट मोकळी हाय. माघारी बगू नगंस."

त्यानं कपाळावरचा हात काढला. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कुणी हाक मारली हे कळल्यावर माणूस बघतो तसं. मग त्यानं मान खाली घातली, पाण्यातल्या त्या दुसऱ्या हाताकडं, आणि तो वाकला.

भिंतीच्या भोकातून वारा शिरला आणि साण्यातून उसळून माझ्या तोंडावर आला. आमच्या माळावरचा वारा, कोरडा, गार, मातीनं भरलेला. डोळ्यांत धूळ गेली. चोळून बघितलं तर हातभर खाली फळ्या होत्या, लोकरीचे गठ्ठे होते, कोळिष्टकं वाऱ्यानं हलत होती.

घरात मनू रडायला लागली. मोठ्यानं, भुकेल्या पोरासारखी.

"रडतीया," आप्पासो म्हणाले. ते अजून पाठ करूनच बसले होते. "रडू दे. लय ग्वाड रडतीया."

८

खाली आलो तर आई शिडीवर होती. शिडीच्या पायरीवर उभी, आणि तिचा उजवा हात माळ्यात कोपरापर्यंत घातलेला. डोकं फळीला टेकलं होतं. मी तिला कमरेला धरून खाली उतरवली. तिचं अंग हलकं लागलं. तिनं उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्या हातानं पोरीला मागितलं.

मनू दूध पिऊन तिच्या मांडीवर झोपली. छातीत आवाज नव्हता. वरून वारा खेळत होता, परातीत थेंब पडायचा थांबला होता. बनाबाई भिंतीला टेकून बसल्या जागी डोळे मिटून होती. दारातून दिवस कलताना दिसत होता.

मी आईच्या हाताकडं बघितलं. पदर सरकला होता. तिची बोटं पांढरी पडली होती आणि त्यांना सुरकुत्या आल्या होत्या. कित्येक दिवस पाण्यात राहिल्यावर पडतात तशा. मनगटापाशी लाल वळ होते.

"आय," मी म्हटलं, "मी तुला वरनं सांगितलं त्ये..."

"म्हाईत हाय."

"तुला तवाच कळलं व्हतं?"

"तू वाकायच्या आदीच त्यानं माजा हात धरला व्हता." ती मनूच्या केसांवरून बोटं फिरवत होती. "ल्हान आसताना बाजारात धरायचा तसा."

 मी विचारलं, "मी म्हनलो तवा सोडला व्हय त्यानं?"

आईनं मान हलवली.

"न्हाई रं," ती म्हणाली. "त्यानं न्हाई सोडला. एकेक बोट मी सोडवलं."